चॅसी एकाची, बॉडी दुसऱ्याची

सुट्टी संपून वर्ग सुरू झाले त्या दिवशी सरांनी सहज विचारले, "काय रे, सुट्टीत काय विशेष?" कोणी मामाच्या गावी जाऊन आले होते, कोणी भात लावून आले होते. मी म्हणालो, "सर, लॅपटॉप घेतला." सरांना मनापासून आनंद झाला. "उत्तम! आता निबंध टंकून आणत जा," असे म्हणून ते पुढच्या बाकाकडे वळले. मी मान डोलावली. तो लॅपटॉप निबंधासाठी नव्हे, खेळण्यासाठी घेतला आहे, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. ताकाला जाऊन भांडे लपवायचे, ही आपली जुनीच खोड.

आज ते भांडे मी ह्या वार्षिकाच्या पानावर सर्वांसमक्ष ठेवतो. होय, मी खेळायचा लॅपटॉप घेतला. कला शाखेच्या मुलाने तो घ्यावा की नाही, ह्यावर आपण पुढे कधीतरी वादसभेत भांडू. मला आज वेगळेच सांगायचे आहे. तो घेताना मी चार विक्रेत्यांची तुलना केली आणि ती तुलना चुकीची केली. त्या चुकीची किंमत पाच हजार रुपये झाली. हे पैसे माझे एकट्याचे नव्हते, म्हणून हा लेख.

आधी पैशांचा हिशेब सांगतो. माझे वडील एस.टी.च्या आगारात यांत्रिक आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून साठ हजार काढले. आईने भिशीचे वीस हजार दिले. दोन दिवाळ्या कापडाच्या दुकानात घड्या घालून मी पंधरा हजार साठवले होते. एकूण पंचाण्णव हजार. आमच्या घरात इतकी रक्कम एका वस्तूवर ह्यापूर्वी एकदाच खर्च झाली होती, आणि ती वस्तू म्हणजे छपरावरचे पत्रे.

२०२४च्या जून महिन्यात मी वहीचे एक पान घेतले, उभ्या रेघा मारल्या आणि विक्रेत्यांची नावे लिहिली. पहिला आमच्या कराडचा दुकानदार. प्रसिद्ध कंपनीचा तयार लॅपटॉप तो देणार होता आणि त्यात आपल्याला हवी तेवढी मेमरी वाढवून देणार होता. किंमत ९१,५०० रुपये. दुसरा पुण्याचा. हा म्हणे प्रत्येक भाग गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे बसवून देतो. किंमत ८४,००० रुपये. तिसरी ऑनलाइन बाजारपेठ. तिथे विशिष्ट बँकेचे कार्ड असेल तर ८८,९९० रुपये. ते कार्ड आमच्या सात पिढ्यांत कोणाकडे नव्हते, आणि ते नसेल तर ९३,९९० रुपये. चौथा रकाना माझ्या मावसभावाचा. तो जर्मनीत शिकतो आणि त्याच सुमारास स्वतःसाठी असाच लॅपटॉप घेत होता. त्याच्याकडून मला काही विकत घ्यायचे नव्हते. तो कसा विचार करतो, एवढेच पाहायचे होते.

चारही ठिकाणी मुख्य भागांची नावे जवळजवळ तीच होती. चित्रे उमटवणारा भाग, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स ४०६०. मेमरी १६ जीबी. पडदा १४४ हर्ट्‌झचा. साठवण कुठे ५१२ जीबी, कुठे १ टीबी. नावे सारखी आहेत, मग स्वस्त तो चांगला, असे माझ्या बुद्धीने ठरवले. पुण्याच्या विक्रेत्याने फोनवर गोड शब्दांत सांगितले, "माल एकच शिल्लक आहे, पाच हजार पाठवा, बाजूला काढून ठेवतो." मी मोबाइलवरून पाच हजार इसार धाडला. पावती मागितली नाही. पावती मागणे मला त्या क्षणी असभ्यपणाचे वाटले. ही लाज आपल्याला कोण शिकवते, ठाऊक नाही. पण ती महाग असते.

दोन दिवसांनी अण्णा आणि मी पहाटेच्या गाडीने पुण्याला निघालो. गाडीत बसल्यावर मावसभावाचा निरोप आला. त्याला मी आदल्या रात्री मोठ्या अभिमानाने चौऱ्याऐंशी हजारांची बातमी कळवली होती. त्याने अभिनंदन केले नव्हते. त्याने आठ प्रश्न पाठवले होते आणि खाली लिहिले होते, "उरलेले पैसे देण्याआधी ह्यांची उत्तरे घे. जमल्यास लिहून घे."

मला त्यातले निम्मेच कळले. म्हणून मी ते अण्णांना वाचून दाखवले. माझ्या वडिलांनी आयुष्यात संगणकाला हात लावलेला नाही. पण मावसभावाने एक गोष्ट लिहिली होती, ती ऐकून ते सावरून बसले. जगात हवे तसे जुळवून मिळणारे जे खेळाचे लॅपटॉप आहेत, त्यांतले बरेचसे विक्रेते लॅपटॉप मुळात बनवतच नाहीत. तैवानची क्लेव्हो नावाची कंपनी आहे, ती १९८३ साली निघाली. ती आणि चीनची टोंगफांग ही कंपनी अर्धवट सिद्ध सांगाडे तयार करतात. कवच, मूळ पट्टी, पंखे, कळफलक असा तो सांगाडा असतो. अमेरिकेत सेजर, जर्मनीत लाइपझिगची शेंकर, इंग्लंडात पीसी स्पेशालिस्ट असे विक्रेते त्यांच्याकडून सांगाडे घेतात, त्यांत मेमरी, साठवण वगैरे बसवतात आणि आपापल्या नावाने विकतात. तेव्हा एकच सांगाडा तीन देशांत तीन नावांनी आणि तीन किमतींना मिळू शकतो.

अण्णा म्हणाले, "म्हणजे आमच्या एस.टी.सारखंच की! चॅसी टाटाची नाहीतर लेलँडची. बॉडी चढवायची दापोडीला, चिकलठाण्याला, नाहीतर नागपूरला. चॅसी तीच असली तरी कुठली गाडी पावसाळ्यात गळते नि कुठली गळत नाही, हे ज्यानं पाना फिरवला त्याच्यावर." मग थोडा वेळ खिडकीबाहेर पाहून त्यांनी विचारले, "मला एवढंच सांग, हा तुझा डबा बिघडला तर पाना कोणाच्या हातात?"

मावसभावाचे आठ प्रश्न आणि अण्णांचा हा नववा. माझ्या मते विक्रेत्यांच्या तुलनेचे सगळे शास्त्र ह्या नऊ प्रश्नांत आले. त्यांतले महत्त्वाचे तेवढे इथे मांडतो. हे प्रश्न उद्या आपल्यापैकी कोणाला ना कोणाला लागणार आहेत.

पहिला प्रश्न वॅटचा. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण शब्दशः खरी ठरते. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव. पण लॅपटॉपमधल्या त्या कार्डाला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देण्याची मुभा एनव्हिडिया ही मूळ कंपनी लॅपटॉप बनवणाऱ्यांना देते. काही लॅपटॉपांत प्रसंगी त्यावर आणखी २५ वॅटपर्यंत भर पडते. पातळ, देखण्या लॅपटॉपात उष्णता मावत नाही म्हणून वीज कमी ठेवतात. जाडजूड लॅपटॉपात जास्त देतात. वीज दुप्पट म्हणून वेग दुप्पट होत नाही हे खरे. पण तळाच्या आणि वरच्या आकड्यात जो फरक पडतो, तो पाच-दहा हजार रुपयांपेक्षा मोठा असतो. २०१७ साली कमी विजेच्या कार्डांना 'मॅक्स-क्यू' हे वेगळे नाव मिळाले होते. २०२१पासून ते नाव वेगळे लिहिण्याची रीत मागे पडली. तेव्हापासून वॅट विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाला गत्यंतर नाही.

ह्याच प्रश्नाचे एक धाकटे भावंड आहे. टेबलावरच्या संगणकातले कार्ड आणि लॅपटॉपमधले कार्ड एकाच नावाने विकले जाते, म्हणून ते एकच आहे असे समजू नये. टेबलावरच्या आरटीएक्स ४०७०ला १२ जीबी स्वतंत्र मेमरी असते, लॅपटॉपच्या ४०७०ला ८ जीबी. टेबलावरच्या ४०९०ला २४ जीबी, लॅपटॉपच्या ४०९०ला १६. पुढे २०२५ साली आलेल्या ५०७०चीही तीच गत: टेबलावर १२, लॅपटॉपात ८. विक्रेता जर टेबलावरच्या कार्डाचे गुण लॅपटॉपच्या अंगावर चढवून सांगू लागला, तर त्याच्या बाकीच्या सांगण्यावरही किती विश्वास ठेवायचा, हे आपोआप कळते.

दुसरा प्रश्न मेमरीचा. १६ जीबी म्हणजे १६ची एक पट्टी, की ८च्या दोन? दोन पट्ट्या असल्या की संगणकाला माहिती आणायला दोन वाटा मिळतात. एक असली की एकच वाट. खेळात हा फरक जाणवतो. आणखी एक विचारावे: पट्टी काढता-घालता येते, की मूळ फळीला डाग देऊन कायमची चिकटवली आहे? चिकटवलेली असेल तर चार वर्षांनी वाढवण्याची आशा सोडावी.

तिसरा प्रश्न साठवणीचा. नुसते '१ टीबी' हे उत्तर नव्हे. कोणत्या कंपनीची, कोणत्या क्रमांकाची आणि किती वर्षांच्या हमीची? आणि १ टीबी घेतल्यावर विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसले, तर विक्रेत्याशी भांडू नये. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज एक हजार चोवीसच्या पटीत, एवढाच तो फरक. प्रश्न विचारणाऱ्याने कुठे भांडायचे नाही, हेही शिकले पाहिजे.

चौथा प्रश्न पडद्याचा. १४४ हर्ट्‌झ म्हणजे चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलते. रंगांविषयी हा आकडा काहीच सांगत नाही. '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेला पडदा रंगांना फिकट असतो. 'शंभर टक्के एसआरजीबी' लिहिलेला चांगला. आपल्या महाविद्यालयात जे चित्रे काढतात, छायाचित्रे घेतात, नाटकाच्या जाहिराती तयार करतात, त्यांनी तरी हे विचारलेच पाहिजे. एखादा ठिपका पडद्यावर कायमचा विझलेला निघाला, तर असे किती ठिपके असताना पडदा बदलून मिळेल, हेही विचारावे. विक्रेत्याविक्रेत्यांत ह्याचे उत्तर वेगळे येते.

पाचवा प्रश्न विंडोजचा. अस्सल परवान्याची, की 'टाकून देतो' जातीची? सहावा हमीचा: घरी येऊन दुरुस्ती, की आपण पाठवायचे? पाठवायचे असेल तर जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा? मेमरी वाढवायला मागचे झाकण उघडले तर हमी राहते की जाते? सातवा बिलाचा. आठवा प्रश्न असा, की न पटल्यास परत घेणार का आणि किती दिवसांत? नववा अण्णांचा, पाना कोणाच्या हातात.

आम्ही पुण्याच्या त्या दुकानात पोहोचलो. दुकानाचे नाव इथे लिहीत नाही. त्याचे कारण भीती नव्हे. तो माणूस माझ्याशी एकही शब्द खोटा बोलला नव्हता, हे पुढे दिसेलच.

मी वही काढून पहिला प्रश्न विचारला. तो हसला आणि म्हणाला, "पंच्याहत्तर वॅट. फोनवर तुम्ही विचारलं नव्हतं." मेमरी? "सोळाची एक पट्टी. तुम्ही सोळा जीबी म्हणालात, सोळाच आहे." साठवणीच्या भागावर जे नाव होते ते मी ह्यापूर्वी ऐकले नव्हते आणि नंतरही ऐकले नाही. पडदा ४५ टक्केवाला. मग अण्णांनी बिलाचे विचारले. "चौऱ्याऐंशी कच्च्या पावतीवर. पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वर."

अण्णांनी तिथल्या तिथे मनात हिशेब केला. चौऱ्याऐंशी हजारांवर अठरा टक्के म्हणजे पंधरा हजार एकशेवीस. एकूण नव्व्याण्णव हजार एकशेवीस. म्हणजे माझ्या वहीतला सर्वांत स्वस्त विक्रेता प्रत्यक्षात सर्वांत महाग होता, आणि त्याचा माल चौघांत सर्वांत उणा. आमच्या खिशात तेवढे पैसेही नव्हते.

"मग आमचा इसार परत द्या," अण्णा म्हणाले. "इसार परत होत नाही." "असं कुठं लिहिलंय?" "परत होतो असं तरी कुठं लिहिलंय?" अण्णांचा आवाज कधी चढत नाही, तो त्या दिवशीही चढला नाही. ते म्हणाले, "चल." आणि आम्ही बाहेर आलो. परतीच्या गाडीत ते मला एक शब्दही लागेल असे बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्या वेळी आम्हांला जे ठाऊक नव्हते, ते नंतर मी ग्रंथालयात बसून वाचले. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २०२०च्या जुलैपासून लागू आहे. विकलेल्या मालाचे बिल न देणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत न घेणे हीही तशीच प्रथा. आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ती तीस दिवसांची धरतात. तक्रार विक्रेत्याच्या गावी जाऊनच करावी लागते असे नाही, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढेही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी त्या तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून विचारता येते. ह्यातले आम्हां दोघांनाही काही ठाऊक नव्हते. राज्यशास्त्राच्या पेपरात मी हक्कांवर पानेच्या पाने लिहिली होती आणि त्या दुकानात उभा असताना मला त्यातला एकही हक्क आठवला नाही.

मात्र कायद्याच्या भरवशावर डोळे मिटून खरेदी करावी, असेही नाही. केवळ मन बदलले म्हणून धडधाकट वस्तू परत देण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. युरोपात दुरून मागवलेल्या मालासाठी चौदा दिवसांचा तसा हक्क आहे. पण गिऱ्हाइकासाठी खास बनवलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे. मग हवे तसे भाग निवडून जुळवलेला लॅपटॉप 'खास बनवलेला' म्हणायचा का? हा वाद जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला होता. १९ मार्च २००३च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की तयार भाग एकत्र जोडले असतील आणि ते फारशी झीज न होता पुन्हा सुटे करता येत असतील, तर अशा लॅपटॉपला 'खास' म्हणून परत घेणे टाळता येणार नाही. मावसभावाने हे कळवले तेव्हा मला हेवा वाटला. जिथे हा प्रश्न न्यायालयाने आधीच सोडवून ठेवला आहे, तिथल्या गिऱ्हाइकाचे एक काम कमी झाले. आपल्याकडे ते काम आपल्यालाच, पैसे देण्यापूर्वी, करायचे आहे.

आता शेवटचा अंक. दुसऱ्या दिवशी अण्णा मला कराडच्या दुकानात घेऊन गेले. ह्या दुकानदाराला मी आधी फक्त किंमत विचारली होती आणि 'महाग' म्हणून उठून आलो होतो. ह्या खेपेस वही समोर ठेवली. दोन प्रश्नांची उत्तरे त्यालाही ठाऊक नव्हती. त्याने ते कबूल केले, कंपनीला फोन लावला आणि आमच्यासमोर विचारून घेतले. ११५ वॅट आणि वर २५. मेमरी आठची एक आहे, दुसरी आठची मी बसवतो. दोन्ही काढता-घालता येतात. माझ्या हातून उघडल्यास हमी जात नाही. साठवण ५१२च, पण दुसरी बसवायला जागा मोकळी आहे. पडदा शंभर टक्केवाला. विंडोज अस्सल. बिघडल्यास पहिले वर्ष कंपनीचा माणूस घरी येईल. "आणि तो नाही आला तर?" अण्णांनी विचारले. "तर मी इथेच आहे," तो म्हणाला. अण्णा म्हणाले, "हे सगळं बिलाच्या मागं लिहून द्या." त्याने जराही वाईट वाटून न घेता स्वतःच्या अक्षरात नऊ ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. आमच्याकडे नव्वद हजार उरले होते, किंमत एक्क्याण्णव हजार पाचशे होती. उरलेले दीड हजार त्याने अण्णांच्या पुढच्या पगारावर ठेवले.

माझे म्हणणे आता थोडक्यात मांडतो. आपण विक्रेत्यांची तुलना करतो ती किमतीची आणि नावांची. नावे पोकळ असतात, कारण एका नावाखाली तीन प्रकारचा माल बसतो. किंमतही पोकळ असते. तिच्यात कर आहे की नाही, हमी आहे की नाही, कार्ड लागते की नाही, हे ठाऊक नसेल तर तो नुसता आकडा. तुलना करायचीच तर उत्तरांची करावी. सर्वांना तेच प्रश्न विचारावेत, त्याच शब्दांत विचारावेत आणि जो लिहून देईल त्याचेच उत्तर धरावे. जो लिहून देत नाही त्याच्या रकान्यात रेघ ओढावी, मग तो कितीही स्वस्त असो.

ह्यावर माझे काही मित्र म्हणतात, "इतके प्रश्न विचारले तर दुकानदार हाकलून देईल." देऊ द्या. हाकलून देणे हेही एक उत्तरच आहे, आणि ते फुकट मिळते. दुसरे म्हणतात, "आम्हां कला शाखेच्या मुलांना हे तांत्रिक शब्द कुठले कळायला?" हे मात्र मला मुळीच पटत नाही. शब्दाला अर्थ विचारणे हेच तर आपण तीन वर्षे शिकतो. कवितेतल्या एका प्रतिमेचे चार अर्थ लावणाऱ्याने 'हमी' ह्या शब्दाचा एक अर्थ विचारू नये? अण्णा सातवीपर्यंत शिकले आहेत. त्यांना जीबी आणि हर्ट्‌झ कळले नाहीत, पण पाना कोणाच्या हातात हे त्यांनी विचारले, आणि नऊंतला तोच प्रश्न सर्वांत नेमका होता.

दुकानदाराचीही एक बाजू आहे, ती न सांगणे अन्यायाचे होईल. गावातल्या दुकानात तासभर बसायचे, माल हाताळायचा, त्याचे ज्ञान फुकट घ्यायचे आणि शेवटी पाचशे रुपये वाचवायला ऑनलाइन बाजारपेठेतून मागवायचे, हे आपल्यातले पुष्कळ जण करतात. मीही केले असते. पण ज्याच्याकडे आपण पाना शोधत येणार आहोत, त्याला चार पैसे मिळू द्यावेत. ऑनलाइन घेऊच नये असे मी म्हणत नाही. तिथेही हेच नऊ प्रश्न लेखी विचारता येतात आणि उत्तर लेखीच येते, ही तर तिची सोय आहे. किंमत तोलताना ह्या सेवेचेही वजन पारड्यात पडावे, इतकेच.

शेवटी एक सूचना. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी ह्यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. एकेकट्या गिऱ्हाइकाला जे जमत नाही ते दहा जणांनी मिळून करावे, ही त्यामागची साधी कल्पना. आपल्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. ज्याने-ज्याने लॅपटॉप, मोबाइल, दुचाकी घेतली असेल, त्याने विचारलेले प्रश्न, मिळालेली उत्तरे आणि वर्षभरानंतरचा अनुभव तीत लिहावा. ग्रंथपाल सर परवानगी देतील तर पहिले पान मी लिहून देतो. त्यात पाच हजारांची गोष्टही असेल.

लॅपटॉप व्यवस्थित आहे. रात्री वीज गेली की खेळ तासाभरात आटोपतो, कारण इतकी भूक असलेल्या यंत्राला बॅटरी पुरत नाही. तो अडीच किलोचा आहे आणि त्याचे विजेचे वीटकर वेगळेच. दर दोन महिन्यांनी अण्णा तो उलटा धरतात, पंख्यांच्या जाळीवर बारीक कुंचला फिरवतात आणि धूळ काढतात. खेळ कोणता आणि कसा, हे त्यांनी अजून विचारलेले नाही. बिल मात्र त्यांनी आपल्या पत्र्याच्या पेटीत, घराच्या कागदांशेजारी ठेवले आहे.

आणि सर, निबंधही त्याच लॅपटॉपवर टंकला आहे. हाच तो.

(तृतीय वर्ष, कला)